भाव विचारा

देवबागेत यायला रस्ता एकच.
डाव्या हाताला कर्ली, उजव्या हाताला दर्या,
मधल्या वाळूच्या पट्टीवर माड
आणि सुलूमावशीच्या दोन खोल्या.
दर्याकडची जरा महाग.

मी रात्री काम करते.
ब्रसेल्सचे कागद येतात, साडेतीन तास मागच्या घड्याळातून:
तक्रारी, उत्तरं, निकालांचे मसुदे,
परिच्छेदांना आकडे घातलेले,
काही ओळी काळ्या करून टाकलेल्या.
कुठल्या पानावर कोण काय बोललं
त्याची यादी करायची. पानाला सात रुपये.

त्यात एक शब्द सारखा येतो.
मी त्याला मनात राखणदार म्हणते.
ज्याच्या फाटकातूनच गिऱ्हाइकाला जावं लागतं, तो.
आमचा राखणदार वेशीवर आहे, पिंपळाखाली.
वर्षाला एक नारळ, एक कोंबडा,
आणि चुकलंमाकलं तर समोर उभं राहून
गाऱ्हाणं घालता येतं.
ह्याला अठरा टक्के.
गाऱ्हाण्यासाठी एक चौकोन,
त्यात लिहिलं की लगेच उत्तर:
आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.

वैशाखात मावशीने फाटकावरच्या पाटीवर
ऑइलपेंटने लिहिलं:
खोली आहे. अठराशे. मासे ताजे.
ॲपवर तीच खोली बावीसशेला.
कुणा पाहुण्याने पाटीचा फोटो टाकला असणार.
चौथ्या दिवशी निरोप: कलम अकरा,
अन्यत्र कुठेही कमी दर दाखवता येणार नाही.
अन्यत्र म्हणजे स्वतःच्या फाटकावरही.
आणि खोल्या यादीत खाली गेल्या.
दर्या खाली जातो तशा नव्हे,
तो सहा तासांत परत येतो.

आठवडाभर फोन वाजला नाही.
मावशीने चादरी पुन्हा धुतल्या,
न वापरलेल्या.

"माझ्याच दारार माझो भाव मिया लिवचो नाय?"

मी म्हटलं, तिकडे आता लिहिता येतो.
तिकडच्या हॉटेलवाल्याला आपल्या दारावर
हवा तो आकडा घालायची मुभा आहे,
कायद्याने. बरीच वर्षं भांडून मिळाली.
"तिकडे म्हणजे खंय?"
मी कागदावरचा पत्ता वाचून दाखवला.
"थंय माझी खोली कोण घेतलो?"

मग तीच मला समजावू लागली,
बांगडे साफ करता करता.
बंदरावर लिलाव पुकारायचा तो नारोबा.
एकदा त्याचाच मुलगा टोपल्या घ्यायला उभा राहिला
आणि पुकार त्याच्यापाशीच थांबू लागली,
कुणी पुढचा आकडा बोलायच्या आत.
पाच दिवसांत बायकांनी नारोबाला
ओट्यावरून खाली उतरवला.
कलम कुठलं, कुणी विचारलं नाही.
पण नारोबाला तोंड होतं, म्हणाली.
ह्याचं तोंड खंय शोधायचं?

मी हे वाचलं होतं, पान चारशे बारा,
एका वकिलाच्या तोंडचं, एकोणीस ओळींत.
त्यात बांगडे नव्हते.

घासलेटाच्या बोळ्याने तिने आकडा पुसला.
पूर्ण गेला नाही. उन्हात तिरकं पाहिलं
की आठाचं पोट अजून दिसतं.
आता पाटीवर: खोली आहे. मग डाग.
मासे ताजे. भाव विचारा.

काल दिवेलागणीला कोल्हापूरचं जोडपं आलं,
मोटारसायकलवर, पाठीला वाळू चिकटलेली.
भाव विचारला.
मावशीने आधी रस्त्याकडे पाहिलं,
मग माझ्या मोबाइलकडे,
तो उपडा घालायला डोळ्यांनीच सांगितलं,
आणि स्वतःच्या अंगणात
स्वतःच्या खोलीचा आकडा
दुसऱ्याची कोंबडी विकावी तसा
दबक्या आवाजात सांगितला.
सतराशे.
आणखी शंभर उतरवून.

रात्री मी पान चारशे तेरा उघडलं.
वरच्या तीन ओळी काळ्या होत्या.